आलेल्या डोळ्यांबद्दल

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

"डोळे आलेत, मेडिकलमधून ड्रॉप आणतो," एवढेच सांगून काल तू फोन ठेवलास. तो ड्रॉप आणण्याआधी हे वाच.

डोळे बहुधा विषाणूमुळे येतात आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही. एक-दोन आठवड्यांत ते आपले आपण बरे होतात. खरी भीती आहे ती 'लाली घालवणाऱ्या' ड्रॉपची. कॉलेजात असताना दुकानदाराने दिलेला ड्रॉप मी घातला, दुसऱ्या दिवशी डोळे पांढरेशुभ्र झाले म्हणून खूश झाले, आणि पाचव्या दिवशी फळ्यावरची अक्षरे धूसर दिसू लागली. डॉक्टरांनी बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले आणि तपासण्याआधी मला झापले, कारण त्यात स्टेरॉइड होते. असे औषध देखरेखीशिवाय घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि नागिणीच्या जातीचा विषाणू असला तर बुबुळालाच इजा होते.

सकाळी पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नकोस. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पापणीवर मिनिटभर ठेव. चिपडे मऊ झाली की नाकाच्या बाजूने बाहेर एकदाच पूस आणि तो बोळा टाकून दे. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा घे. खुपत असेल तर गार पाण्याची घडी ठेव. गुलाबपाणी, मध, दूध यांतले काहीही डोळ्यात घालायचे नाही, आजीने फोनवर सांगितले तरी!

आजी असेही म्हणेल, की डोळे आलेल्याकडे पाहिले की आपलेही येतात. तसे नसते, काळा चष्मा लाव, पण तो तुला उजेड सोसावा म्हणून. साथ पसरते ती हातांनी. २०२३च्या जुलैत आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे एकापाठोपाठ एक आले, ते एकत्र राहण्या-वावरण्यामुळेच, आणि तुमचे हॉस्टेल काही वेगळे नाही. तेव्हा टॉवेल वेगळा ठेव, उशीचा अभ्रा रोज बदल, मोबाइल पुसत जा, आणि नुसत्या सॅनिटायझरवर न राहता हात साबणाने चांगले चोळून धू. पाणी यायचे थांबेपर्यंत वर्गात जाऊ नकोस; हजेरीचे मी सरांशी बोलेन.

डोळा खोलवर दुखला, उजेड अजिबात सोसवेना, पुसल्यावरही अंधूकच दिसले किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

तुझी,
आई

ता. क. तू लेन्स वापरतोस हे लिहिताना आठवले. त्या आजच काढ, डबीसकट टाकून दे, आणि वरची लक्षणे नसली तरी उद्या डॉक्टरांना डोळे दाखव. नव्या लेन्सचे पैसे पाठवते.