पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि पाच महिन्यांचा फड : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

साहेब, बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात माझं छोटं मेडिकल आहे. दसरा झाला की काउंटरवर वेगळीच गर्दी होते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीची. बाहेर ट्रॅक्टर उभा असतो. त्यात भांडीकुंडी, सरपण, एखादी शेळी आणि वर बसलेली लेकरं. मुकादम घाई करतोय. आत एखादी बाई पदराची गाठ सोडत विचारते, "भाऊ, बीपीचं पाकीट कितीला?" मी भाव सांगतो. ती बाहेर नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, "पाच द्या कापून."

मी कात्री लावतो. मुदतीची तारीख पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते. उरलेल्या गोळ्या मला विकायच्या असतात, म्हणून ते टोक मी माझ्याकडे ठेवतो. म्हणजे पाच महिन्यांसाठी सांगली-कोल्हापूरकडे निघालेल्या बाईच्या हातात गोळ्या पाच, आणि त्या कधीपर्यंत चालतील हेही तिच्याजवळ लिहिलेलं नाही.

आपण म्हणाल, सरकारी दवाखान्यात का जात नाही? जातात की. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरसुद्धा फुकट झाला, हे चांगलंच झालं. पण तिथं गोळ्या मिळतात पंधरा दिवसांच्या, आणि सांगतात, संपल्या की या. फडावरून कशी येणार ती? एका दिवसाचा खाडा केला तर मुकादम तो आगाऊ दिलेल्या उचलीत धरतो.

आता माझ्याच धंद्याबद्दल बोलतो. दुकानदार मित्र रागावतील, रागावू देत. माझ्या कपाटात एकाच औषधाच्या दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी असतात. एक नावाजलेल्या कंपनीची. दुसरी साधी जेनेरिक, जी मला छापील किमतीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात पडते. पण तिच्यावरही छापलेला आकडा पहिलीच्या जवळपासच असतो. मधली रक्कम कोणाची? बरीचशी माझी. मी सूट देतो, पण किती द्यायची हे माझ्या मर्जीवर, आणि गिऱ्हाइकाला ते कळायला मार्ग नाही.

सरकारनं यात काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश आला तेव्हा दिल्लीत यूपीए होतं. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधाचा कमाल दर त्याने बांधला. तो ठरतो असा : बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी आणि वर दुकानदाराचे 16 टक्के. म्हणजे बाजारच महाग असेल तर सरासरीही महागच. पुढे एनडीएच्या काळात, फेब्रुवारी 2017 मध्ये, हृदयातल्या स्टेंटचे दर खाली आले. 2019 मध्ये कॅन्सरच्या 42 औषधांवर व्यापारी नफ्याची 30 टक्क्यांची मर्यादा आली. स्वस्त जेनेरिक औषधांची जनऔषधी योजना 2008 मध्ये एका सरकारनं सुरू केली, दुसऱ्यानं गावोगावी नेली. आपल्याच राज्यातली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली. पाटी बदलली, पेशंटचं ऑपरेशन थांबलं नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं गोळीच्या भावावर एकाच वाटेनं गेलीत, फक्त आळीपाळीनं. बरोबर जायला काय हरकत आहे?

कारण अजून बरंच सुटलेलं आहे. शुगरची एक गोळी यादीत असते, तिचा दर बांधलेला. तीच दुसऱ्या औषधाबरोबर एका गोळीत आली की बहुतेकदा त्या यादीच्या दरातून निसटते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. डॉक्टर आजकाल जोडगोळ्याच जास्त लिहितात.

आता दुसरा विषय. तो आपल्या खात्याचा नाही, पण बाई तीच आहे.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा टोळ्या निघायला लागल्या होत्या. गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून धरला होता. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची, असं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135 ब सांगतं. ऊसतोड कामगाराला ती कोण देणार? कारखाना म्हणतो हा आमचा कामगार नाही, मुकादम म्हणतो मी मालक नाही. मग उमेदवाराची गाडी येते. उमेदवारानं मतदारांना फुकट ने-आण करणं त्याच कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं. पण दुसरी गाडीच नसते, त्यामुळे येईल त्या गाडीत लोक बसतात आणि त्या गाडीवाल्याचं मिंधेपण घेऊन परत जातात.

तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचा गावचा रहिवास तुटत नाही, हे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. नाव यादीत राहतं. मत तेवढं राहून जातं. 2024 मध्ये 85 वर्षांवरच्या माणसाकडे आणि चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्याकडे निवडणूक कर्मचारी मतपेटी घेऊन घरी जात होते. काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत मतदान केंद्रं असतात. निवडणूक आयोगानं बाहेरगावाहून मत देता येईल अशा दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जानेवारी 2023 मध्ये पक्षांपुढे ठेवला, विरोधकांनी शंका घेतल्या, गाडं तिथंच अडलं. शंका चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. पण यंत्र नको असेल तर कागदाची मतपत्रिका आहेच. टपाली मतदानासाठी मतदारांचा एखादा वर्ग आयोग अधिसूचित करू शकतो, तशी तरतूद कायद्यात आहे. ऊसतोड कामगार महामंडळाचं ओळखपत्र अनेकांकडे आहे, आणि कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे हे कारखान्याच्या शेतकी विभागाला माहीत असतं.

हे आपल्यालाच का लिहितोय? 2024 च्या लोकसभा निवडणुकीत, एप्रिल-मे मध्ये, मराठवाड्यानं आठपैकी सात खासदार महाविकास आघाडीचे दिले. सहा महिन्यांनी त्याच लोकांनी 46 पैकी बहुतेक आमदार महायुतीचे दिले. औषधाचे दर आणि मतदानाचे नियम दिल्लीत ठरतात, तिथं बोलायला आमच्याकडे बहुतेक विरोधकच आहेत. दवाखाने आणि सहकार खातं मुंबईत, तिथं सत्ता आपली. एकटा कुणीही गेला तर अर्ध्या वाटेवर थांबणार.

म्हणून विनंती आहे. आठही खासदारांना बोलवा, चहा पाजा आणि दोनच ओळींच्या पत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या : जुनाट आजारांच्या औषधांना कॅन्सरच्या औषधांसारखी नफ्याची मर्यादा, आणि ऊसतोड कामगारांना टपाली मतपत्रिका. श्रेयाचा फलक लावायचा तर दोन्हीकडचे फोटो लावा, आमची हरकत नाही.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या एका परिपत्रकाची आहे, तिला दिल्ली लागत नाही. टोळीबरोबर जाणाऱ्या बीपी-शुगरच्या पेशंटला प्राथमिक आरोग्य केंद्रातून एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायला सांगा, आणि उरलेल्या कारखान्याजवळच्या केंद्रातून मिळतील अशी चिठ्ठी सोबत द्या. पूर्ण पाकिटं द्या, न कापलेली. दसऱ्याच्या आधी निघालं तर माझ्या कात्रीला यंदा काम कमी पडेल.

आपला,
धारूर तालुक्यातील एक औषध विक्रेता