सेन्सर पुरला, पुढे काय?

मा. संपादक,

इस्रो आणि नासाच्या निसार या रडार उपग्रहाबद्दल तुमच्या पेपरात आलेलं वाचलं, आनंद झाला. 30 जुलै 2025 ला तो श्रीहरिकोट्याहून गेला तेव्हा आम्ही सगळे मोबाईलला चिकटून बसलो होतो. ढग असोत, रात्र असो, जमीन बघणार आणि दर 12 दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवरून येणार, खरंच मोठं काम आहे. पण त्यात एक वाक्य होतं की आता हिमालयातल्या मातीचा ओलावा घरबसल्या कळेल, तिथे राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी मुलुंडला राहतो, ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. मागच्या वर्षी पोरांना दाखवायला म्हणून लॅमिंग्टन रोडवरून मातीचा ओलावा मोजणारा साधा सेन्सर आणि टेंपरेचरचा एक असे आणले, नर्सरीतली लाल माती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरली, पाणी घातलं, दोन्ही सेन्सर आत खुपसले आणि डबा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. रात्री ओलावा 38 टक्के दाखवत होता. टेंपरेचर भराभर उतरत शून्याजवळ आलं आणि तिथेच अडकलं, कितीतरी तास हलेना, कारण एक ग्रॅम पाणी गोठताना 334 ज्यूल उष्णता सोडतं आणि ती सगळी बाहेर गेल्याशिवाय पारा खाली सरकत नाही. सकाळी बघितलं तर ओलावा 7 टक्के! बायको म्हणाली माती वाळली असेल. म्हणून डबा किचनच्या काट्यावर ठेवला तर वजन जवळजवळ तेवढंच. पाणी कुठेच गेलं नव्हतं, त्याचा बर्फ झाला होता एवढंच, कारण हा सेन्सर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर (विजेच्या क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याच्या आकड्यावर) चालतो, पाण्याचा तो 80 च्या आसपास आणि बर्फाचा जेमतेम 3, म्हणजे कोरड्या मातीसारखाच. सेन्सरला बर्फ दिसतच नाही.

आता हेच वरून बघणाऱ्या उपग्रहाचं. रडारला गोठलेली ओली माती आणि कोरडी माती जवळपास सारखीच वाटते, शिवाय त्याला कळतो तो वरचा साधारण पाच सेंटीमीटरचा थर, त्यातही डोंगराचा उतार, दगड आणि वर साचलेला बर्फ आकडा बिघडवतात. म्हणून जमिनीत वेगवेगळ्या खोलीवर ओलावा आणि तापमान दोन्ही एकत्र मोजावं लागतं, नाहीतर जानेवारीतला 7 टक्के म्हणजे कोरडी माती की गोठलेली हे कोण सांगणार? तिबेटच्या पठाराच्या कडेला माचू नावाच्या भागात चिनी आणि डच संशोधकांनी 2008 पासून असे 20 ठिकाणी सेन्सर पुरलेत, 5 सेंटीमीटरपासून 80 सेंटीमीटरपर्यंत, आणि उपग्रहांचे आकडे त्यावर तपासले जातात. आपल्याकडेही गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने 2016 ला स्पितीमध्ये 4000 मीटरच्या वर हिमनद्यांचा अभ्यास करणारं हिमांश केंद्र सुरू केलं, अशी अजून कितीतरी ठिकाणं हवीत.

आणि नुसती सुरू करून भागत नाही. माझा भाचा एका प्रोजेक्टवर लडाखला होता. त्यांनी उन्हाळ्यात खड्डे खणून सेन्सर बसवले, खोक्यात आकडे साठवणारा लॉगर, वर सोलर पॅनल, सगळं झकास. दगडगोट्यांच्या मातीत कंपनीचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलवरून ओलावा काढायचं गणित, चालत नाही म्हणून तिथली माती पिशव्यांतून लेहला आणून 105 अंशावर 24 तास ओव्हनमध्ये वाळवली, वजनं केली, मग कुठे आकडे जुळले. पुढच्या जूनला परत गेले तर पॅनल हिवाळाभर बर्फाखाली होतं, थंडीत बॅटरीने मान टाकलेली, एक केबल कुठल्यातरी प्राण्याने कुरतडलेली, आणि सगळ्यात वरचा सेन्सर जमिनीतून अर्धा बाहेर, कारण गोठताना माती फुगते आणि त्याला वर ढकलत राहते. डिसेंबरनंतरचं काहीच नाही. तो फोनवर म्हणाला, "मामा, नेमके हवे होते तेच महिने गेले." दुरुस्तीला पैसे मागितले तर उत्तर आलं की बसवायचे पैसे मंजूर होते, परत जायचे नाहीत. खोकं अजून तिथेच आहे.

मुंबईकराला याचं काय असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पावसाळा कमी होतो असं हवामानशास्त्रज्ञ हेन्री ब्लॅनफर्डने 1884 मध्येच मांडलं होतं. दरवेळी तसंच होतं असं नाही, पण कारण समजायला सोपं आहे, बर्फ वितळून माती भिजलेली राहिली की ऊन ती वाळवण्यात खर्च होतं, जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरचे पावसाचे वारे तेवढ्या जोराने ओढले जात नाहीत. आपण जूनमध्ये तुळशी आणि भातसाच्या लेव्हलकडे डोळे लावून बसतो, तर त्या मातीची खबर आपल्यालाही हवी. आणि तिथे डोंगरात राहणाऱ्यांचा तर जीवच टांगणीला असतो, ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमला दक्षिण ल्होनाक सरोवरात काठाचा गोठलेला ढिगारा कोसळला, सरोवर फुटलं आणि खाली चुंगथांगचं धरण वाहून गेलं. आत किती खोलवर काय तापमान आहे हे वरून फोटो काढून कळत नाही.

सलग मोजत राहणं काय असतं हे तर याच शहराने दाखवलंय. विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे कळल्यावर 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुने आणि नवे आकडे जोडता यावेत. तेव्हा हे जमलं, मग आज एका बॅटरीसाठी अख्खा हिवाळा का हातातून जातो?

माझी विनंती एवढीच आहे. कुठलाही सेन्सर मंजूर करताना त्याच कागदावर किमान दहा वर्षांचा देखभालीचा, प्रवासाचा आणि तिथल्याच गावातल्या एखाद्या मुला-मुलीच्या पगाराचा खर्च धरा, पॅनलवरचा बर्फ झटकायला मुंबईहून माणूस जाऊ शकत नाही, आणि आकडे सगळ्यांना खुले ठेवा. तुमच्या बातमीदारांनीही पुढच्या वेळी उपग्रहाची बातमी करताना एक प्रश्न जरूर विचारावा, खाली जमिनीत पुरलेल्यांपैकी या फेब्रुवारीत किती चालू होते?

एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई