लिनक्स बसवून देणारा उद्या कुठे असेल?

संपादक महोदय,

विंडोज १० ची मुदत संपल्यापासून आपल्या वाचकपत्रांत एक सल्ला पुन्हा पुन्हा येतो आहे. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही, नवा घ्यायला पैसे नाहीत, तेव्हा विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची, मुक्त संगणकप्रणाली टाका. अलीकडच्या एका पत्रात तर शाळा, पंचायती, देवस्थानांच्या कचेऱ्या आणि छोटे छापखाने यांनी ते ताबडतोब करावं, असं आवाहन होतं. मी फोंडा तालुक्यात छापखाना चालवतो, कंपोजिंगही आमच्याकडेच होतं. या सल्ल्याशी मी सहमत नाही. सल्ला देणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

मूळ तक्रार रास्त आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या कंपोजिंगच्या टेबलावरचा संगणक सहाव्या पिढीचा आहे. रॅम वाढवलेली, एसएसडी घातलेली, दिवसभर काम करतो. असं धडधाकट यंत्र केवळ कंपनीच्या अटीमुळे बाद ठरावं, हे मलाही पटत नाही. जादा सुरक्षा अपडेटची सोय घेतली तरी घरगुती ग्राहकाला ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. राग येण्यासारखंच आहे. पण त्या रागातून जी व्यवस्था निवडायची, ती पुढे सांभाळणार कोण, याचा शब्दही या पत्रांत नसतो.

आधी आमच्या धंद्याचं सांगतो. इकडच्या छापखान्याचं वर्ष देवळांच्या उत्सवांवर चालतं. जत्रेच्या पत्रिका, काल्याची आणि नाटकांची हँडबिलं, भजनी सप्ताहाचे कार्यक्रम, देवस्थानांची पावतीपुस्तकं, चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिका. बहुतेक गिऱ्हाइकं येऊन एकच सांगतात, "गेल्या वर्षीचीच काढा, फक्त तिथी-तारीख बदला." पत्रिकेत कोणत्या दिवशी कोणाची सेवा, कोणाचं नाव आधी, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. एक नाव गळलं तर महाजन, म्हणजे देवस्थानाचे हक्कदार सभासद, दारात उभे राहतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. म्हणून जुनी फाइल आम्ही जिवापाड जपतो. या जुन्या फायली आहेत पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये, ज्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ साली आली, आणि त्यातला मजकूर आहे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फाँटांत.

या फाँटांची गोष्ट धंद्याबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. त्यांत संगणकाच्या लेखी 'क' हा 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, आणि कोणतं चित्र कुठे हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं. फाँट नसला की पानावर नुसती चिन्हं दिसतात. त्यातले पुष्कळ फाँट रीतसर विकत घेतलेले, त्यांना डाँगल, म्हणजे संगणकाला लावायची परवान्याची किल्ली, लागतं, आणि आमच्याकडचं डाँगल चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, फक्त विंडोजचा आहे. लिबरऑफिस हे फुकटचं ऑफिस-सॉफ्टवेअर २०१५ पासून पेजमेकरची फाइल उघडतं, हे खरं. पण उघडल्यावर समोर येतो तो चिन्हांचाच मजकूर. तो युनिकोडमध्ये आणायला कन्व्हर्टर मिळतात, मात्र त्यांतून रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला जाऊन चिकटते. मग अख्खं प्रूफ पहिल्या ओळीपासून वाचायचं. सप्ताह तोंडावर आलेला असताना हे वाचणार कोण, आणि त्याची मजुरी देवस्थानाकडून मागायची कशी?

जुनं सोडा, नवं काम तरी मुक्त प्रणालीवर करा, असं कोणी म्हणेल. तेही पाहू. पानं लावायला स्क्रायबस आहे. त्यात देवनागरी जोडाक्षरं नीट जुळण्याची सोय १.५ या चाचणीच्या मालिकेत आली, आणि १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली जानेवारी २०२४ मध्ये. विकतच्या इनडिझाइनमध्ये ती त्याच्या किती तरी आधीपासून आहे. फोटोच्या कामाला गिंप आहे. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, तरी थेट सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, काम करायची सोय अजून नाही, आणि ऑफसेटची प्लेट तर सीएमवायकेवरच निघते. फुकट मिळणाऱ्या काही फाँटांत भाषा मराठी म्हणून निवडली नाही तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. पत्रिका हातात घेणाऱ्या जुन्या मंडळींना तो 'ल' पहिल्या नजरेत खटकतो. तरुणांना ही हट्टाची गोष्ट वाटेल, मला वाटत नाही.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सुरू झाला. पुढे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी पुराण राशोलला छापलं गेलं, ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. यंत्र होतं, कागद होता, मराठी समजणारे लोक होते. आपल्या लिपीची सोय सगळ्यांत शेवटी होते हा या भूमीतला चारशे वर्षांचा अनुभव आहे. म्हणून कोणी नवी व्यवस्था घेऊन आला की मी प्रथम विचारतो, माझी मराठी यात पूर्ण उमटते का?

हिशेबाचं थोडक्यात. टॅली हा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजसाठीच आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' हे साधन वापरून तो चालवणारे आहेत, पण महिनाअखेरीला आमच्या हिशेबनीस बाईंना ती उठाठेव मी करायला लावणार नाही. जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोज आणि एक्सेल धरून बनवलेलं आहे. सरकारी छपाईची निविदा भरायची तर डिजिटल सहीचं टोकन लागतं, आणि त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळेलच याची खात्री नसते. म्हणजे आम्हाला फुकटची प्रणाली घ्यायला सांगायचं आणि सरकारी कामाला मात्र विंडोजच लागायचं.

आता ज्या प्रसंगामुळे मी हे पत्र लिहायला बसलो तो सांगतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाला कॉलेजच्या काही मुलांनी दोन जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून दिलं. मनापासून बसवलं, एक पैसा घेतला नाही, वर ग्रंथपाल बाईंना शिकवलंही. काही महिने छान चाललं. मग एका अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला. पंचायतीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत सगळीकडे दिसतो तसला साधा लेझर प्रिंटर. पाठोपाठ वायफाय गेलं. मुलं तोवर पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला लागली होती. फोनवर त्यांनी समजावलं, काळ्या पडद्यावर कोणत्या ओळी टाइप करायच्या तेही कळवलं, पण बाईंना ते जमेना आणि त्यांचा त्यात काहीही दोष नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने यंत्र पाहिलं आणि सांगितलं, विंडोज टाकून देतो, हे मला येत नाही. मी पाहिलं तेव्हा सभासदांची देवघेव वहीत लिहिली जात होती आणि संगणकांवर कापड घातलेलं होतं. बसवणाऱ्या मुलांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बाजारात विंडोज जाणणारा माणूस प्रत्येक गल्लीत मिळतो आणि लिनक्स जाणणारा मिळत नाही, ही वस्तुस्थिती धरल्याशिवाय दिलेला सल्ला अपुरा आहे.

यावर नेहमीचं उत्तर मिळतं की मुक्त प्रणालीचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, उघडा असतो, हजारो डोळे तो पाहतात, म्हणून ते जास्त सुरक्षित. हजारो डोळे पाहू शकतात, एवढंच त्यात खरं. संकेतस्थळांवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीतून जगभर गेली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची कुलपं ज्यावर अवलंबून, त्या प्रकल्पाला तेव्हा वर्षाला साधारण दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या. मार्च २०२४ मधला एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकार तर मला जास्त अस्वस्थ करतो. ते एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकला होता. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत विश्वास कमावला आणि आत चोरदरवाजा ठेवला. तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, कारण लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याच्या लक्षात आलं. सोर्स उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, हे मी मान्य करतो. पण तो मायक्रोसॉफ्टमध्ये पगारी नोकरीत होता, आणि असल्या बारीक गोष्टीचा पाठलाग करायला लागणारं ज्ञान आणि सवड त्याच्याकडे होती. खुद्द लिनक्सच्या गाभ्यातलं बरंचसं काम आज इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी लोक करतात. त्यात गैर काही नाही. फक्त हे फुकटात होतं असं आमच्या पंचांना कोणी सांगू नये. शिवाय या फुकटाची मुदतही कंपनी बदलू शकते. सेंटओएस ८ या सर्व्हरसाठीच्या फुकट लिनक्सला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं धरून लोकांनी सर्व्हर उभे केले, डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ च्या अखेरीस ते बंद झालं.

केरळचं उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. ते मलाही आवडतं, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे २००१ पासून सरकारने शाळांसाठी आयटी@स्कूल प्रकल्प चालवला, आता ते काम काइट ही सरकारी कंपनी करते. शिक्षकांना प्रशिक्षण, त्यांच्यातूनच तयार केलेले मुख्य प्रशिक्षक, मलयाळमसह स्वतःची जुळवलेली प्रणाली, अभ्यासक्रम त्याच प्रणालीवर. दोन लाखांहून जास्त संगणक त्यावर चालतात. लायसनचे पैसे वाचले, कारण माणसांवर पैसे घातले. तसं पाठबळ डळमळलं की काय होतं ते जर्मनीतल्या म्युनिकने दाखवलं. त्या श्रीमंत शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले, २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं, आणि २०२० मध्ये नव्या आघाडीने पुन्हा मुक्त प्रणालीचा पुकारा केला. सत्ता बदलली की प्रणाली बदलणार असेल, तर दर पाच वर्षांनी मंडळ बदलणाऱ्या आमच्या पंचायतींचं काय होईल?

विंडोजच्या बाजूचे धोके मी लपवत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या आणि त्या भारतीय कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. परदेशी कंपनीच्या हातात कळ असणं किती गंभीर आहे, ते तेव्हा दिसलं. सरकारच्या महत्त्वाच्या सर्व्हरसाठी देशाच्या ताब्यातली मुक्त प्रणाली हवीच. सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, त्यावर जोर द्यावा. आणि चोरीचं विंडोज वापरणाऱ्यांची बाजू मी मुळीच घेणार नाही. आपल्याकडे 'विंडोज परवडतं' असं म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी ते कधी विकत घेतलेलंच नसतं. आमच्याकडची लायसन्स विकतची आहेत, त्यांचा खर्च मला दर वेळी जाणवतो, आणि तो देऊनही मी आज विंडोजवरच राहणार आहे.

सरकारकडे माझं मागणं असं आहे. राज्याच्या निविदा आणि डिजिटल सहीचं काम कोणत्याही प्रणालीवरून होईल अशी सक्ती पुरवठादारांवर करा. देवस्थानं, वाचनालयं, छापखाने यांच्याकडे जुन्या फाँटांत अडकलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून, तो माणसाकडून तपासून देण्याचं काम निधी देऊन एखाद्या संस्थेकडे सोपवा. यात कोकणीचाही तेवढाच फायदा आहे, तिचाही देवनागरी मजकूर त्याच फाँटांत पडलेला आहे. आणि प्रत्येक तालुक्यात, आयटीआयमध्ये म्हणा किंवा मामलेदार कचेरीत, लिनक्स जाणणारा एक पगारी माणूस नेमा, ज्याचा फोन कामाच्या वेळेत उचलला जाईल आणि जो गरज पडली तर वाचनालयात जाऊन प्रिंटर चालू करून देईल. पुढच्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद व्हावी, आणि लिनक्सचा आग्रह धरणाऱ्या पत्रलेखकांनीही आपल्या आमदारांकडे आधी हीच मागणी करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक मुद्रक, फोंडा