उंदरांसाठी विष नको, आधी भोकं बुजवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

घरात उंदीर झाले की सगळे आधी विषाची पेस्ट आणायला धावतात, म्हणून हे पत्र लिहितेय. लहान मुलं असलेल्या घरात तर ती अजिबात ठेवू नका प्लीज, कारण पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर काही उताराच नाहीये, मूल सुरुवातीला ठीक वाटतं आणि एक-दोन दिवसांनी लिव्हर जायला लागतं. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लगेच हॉस्पिटल गाठा, घरी उलटी वगैरे काढत बसू नका.

आमच्याकडे विषाच्या वड्या खाऊन उंदीर कपाटामागे मेला आणि वास आठवडाभर गेला नाही, आणि नवीन उंदीर येतच राहिले ते वेगळंच! येणारच, कारण 6 मिलीमीटरच्या फटीतूनसुद्धा छोटा उंदीर आत शिरतो आणि मादीला जेमतेम 3 आठवड्यांत 5-6 पिल्लं होतात. शेवटी सिंकखालच्या पाइपभोवतीच्या भोकात स्टील वूल (बारीक स्टीलच्या तारांचा गुंता) कोंबून वरून सिमेंट लावलं, दाराखाली पट्टी बसवली, तेव्हा कुठे थांबलं. पिंजरा भिंतीला चिकटून ठेवायचा, उंदीर कडेकडेनेच पळतात. गोंदाचे बोर्ड मात्र नकोच, जीव तडफडत राहतो तासनतास, बघवत नाही.

आणि लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते, ग्लोव्हज घालून ब्लीचच्या पाण्याने भिजवा, 5 मिनिटं थांबा, मग पुसा.

– एक वाचक आई