विणकाम म्हणजे फक्त सुया नव्हेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. रिटायरमेंटनंतरच्या छंदांची यादी तुमच्या रविवारच्या पुरवणीत आली होती, त्यात 'विणकाम' बघून आनंदानं वाचायला घेतलं तर फक्त लोकर, सुया आणि नातवाचं स्वेटर. चूक तुमची एकट्याची नाही म्हणा, मी कुणालाही सांगितलं की मी विणकाम शिकतोय तर समोरचा आधी हसतो आणि मग मफलर मागतो! अहो मी कापड विणतो, ताणा-बाणा वालं (ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवा), हातानं.

मूळचा मी इचलकरंजीचा. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि मग अख्खं गावच मागावर उभं राहिलं, आमच्या गल्लीत तर रात्री खटखट थांबली की झोपमोड व्हायची. पण सुताला हात कधी लावला नाही, शिकून नोकरी करायची हेच डोक्यात. आता साठी उलटल्यावर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलवर मावणारा छोटा माग घेतलाय. त्याची फणी म्हणजे एक फट, एक भोक, परत फट अशी पट्टी. ती वर उचलली की अर्धे धागे वर, खाली दाबली की तेच खाली, आणि मधल्या वाटेतून बाणा न्यायचा. धोटा म्हणजे सूत गुंडाळलेली लाकडी पट्टी. बस एवढंच.

एवढंच म्हटलं खरं, पण पहिलं कापड म्हणजे मच्छरदाणी झाली. लहानपणापासून '20 नंबर' हा शब्द ऐकलेला म्हणून ऐटीत तेच सूत आणलं. नंतर कळलं की 20 नंबर म्हणजे 840 यार्डाच्या 20 लडी मिळून एक पौंड, म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक, आणि माझ्या फणीत इंचाला 10च धागे, मग दुसरं काय होणार. दुसऱ्या वेळी जाड सूत घेतलं, 110 धागे ओवायला दोन संध्याकाळ गेल्या, आणि 11 इंचावर सुरू केलेला पंचा शेवटाला 8 इंचावर आला कारण मी प्रत्येक फेरीला बाणा ओढून घट्ट करत होतो. तो तिरका, सैल टाकायचा आणि मग फणीनं ठोकायचा, हे मला गावाकडच्या एका काकांनी फोनवर सांगितलं, त्यांचं आयुष्य वहिफणीत गेलं, हजारो धागे एकेक करून ओवण्यात. त्यांना पंचाचा फोटो पाठवला तर म्हणाले, "मधी एक धागा चुकलायस, वरपासनं खालपर्यंत रेघ दिसतीया. आमच्याकडं असतास तर मेहतानं पैसं कापलं असतं." (मेहता म्हणजे कारखान्यात कापड तपासणारा.) मला तोपर्यंत दिसलीच नव्हती ती रेघ, आता दुसरं काही दिसतच नाही. सौ. मात्र त्याच पंचाला हात पुसते, म्हणते पाणी छान शोषतंय.

7 ऑगस्टला हातमाग दिन असतो (1905 च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून 2015 पासून), तेव्हा सगळे पेपर पैठणीचे फोटो छापतात आणि हातमागाचं घ्या म्हणून सांगतात. घ्याच, पण स्वतः विणून बघा असं कुणीच लिहीत नाही. आणि विणायचं म्हटलं तर अडचण सुताची. दुकानदार पूर्ण गठ्ठा घ्या म्हणतो, पाव किलो मागितलं तर असा बघतो जसं काही मी उधार मागतोय. छोटे माग कुठे मिळतात, सुट्टं सूत कुठे मिळतं, शनिवार-रविवार कुणी शिकवतं का, ही माहिती तुमच्या पुरवणीनं गोळा करून छापली तर माझ्यासारख्या चार जणांचे हेलपाटे वाचतील.

आणि पुढच्या वेळी 'विणकाम' लिहून सुयांचं चित्र टाकलंत तर शेजारी एक धोटा पण काढा.

आपला,
एक निवृत्त वाचक, पुणे