लेकराचं वजन अंदाजाने धरू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात माझ्या 3 वर्षांच्या नातवाला रात्री ताप चढला आणि पोट भात्यासारखं उडायला लागलं, तर शेजाऱ्याच्या गाडीवर घालून जवळच्या दवाखान्यात नेलं (नाव लिहीत नाही, सिस्टर एकट्याच ड्युटीवर होत्या बिचाऱ्या). पहिलं काम काय, तर माझ्या सुनेला बाहेर काढलं. लेकरू रडून रडून बेजार, आधीच धाप, त्यात हे. वजन विचारलं, आम्हाला कुठं माहीत, आणि वजनकाटा लसीकरणाच्या खोलीत, खोलीला कुलूप. मग म्हणे तीन वर्षांचा ना, 14 किलो धरा. वयात 4 मिळवून दुप्पट करायचं असा हिशोब असतो म्हणतात. पुढे जिल्ह्याला काट्यावर ठेवलं तर भरला 11. आमच्याकडची पोट्टी पुस्तकातल्या हिशोबात बसत नाहीत साहेब, आणि लेकरांचं औषध तर किलोवरच असतं, साधं पॅरासिटामॉलसुद्धा किलोला 15 मिलिग्रॅम.

जिल्ह्याच्या डॉक्टर मॅडमनी आधी हातच नाही लावला. आईच्या मांडीवरच राहू दिलं आणि लांबून बघत होत्या, पोरगं आईकडे बघते का, श्वासाला जोर किती लावते, अंगाचा रंग कसा. मग आईलाच शर्ट वर करायला लावून पूर्ण 1 मिनिट श्वास मोजले, 56 भरले. 1 ते 5 वर्षांच्या लेकराचे 40 किंवा त्याच्या वर गेले की धोका, हे आमच्या आशाताईलाही पाठ आहे, पण रडत्या लेकराचे मोजून काय उपयोग, म्हणून आई जवळ पाहिजे. बीपी चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नका असंही त्या म्हणाल्या, लेकरांचा बीपी बराच वेळ टिकते आणि मग एकदम कोसळते. नातू आता ठणठणीत आहे.

औषधाच्या किलोच्या हिशोबात एक गोष्ट मात्र उलटी. साप चावला तर विषावरचं इंजेक्शन लेकराला मोठ्या माणसाएवढंच लागते, साप काही लेकरू बघून विष कमी सोडत नाही. आमच्या कपाशीच्या भागात नातेवाईकच भांडतात, एवढ्याशा जिवाला एवढ्या बाटल्या काहून म्हणून!

इमर्जन्सीच्या खोलीतच एक काटा आणि भिंतीवर किलोप्रमाणे डोसचा तक्ता, एवढंच मागतो. तेही जमत नसेल तर त्या कुलपाची चावी तरी रात्रीच्या सिस्टरकडे ठेवा.

एक आजोबा, जि. यवतमाळ