कॅरिओटाइपचे रक्त चुकीच्या नळीत नको

मा. संपादक,
स. न.

२१ मार्चला जागतिक डाउन सिंड्रोम दिनाचे लेख छापून येतात. त्यात ‘कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी तपासणी) करून घ्या’ एवढेच लिहिलेले असते. सांगली, मिरज, कराड, साताऱ्याहून पुण्या-मुंबईला जाणारे हे नमुने बऱ्याचदा रक्त काढतानाच वाया जातात, त्याबद्दल लिहीत आहे.

साखर किंवा थायरॉइडच्या तपासणीला रक्तातल्या पेशी जिवंत असाव्या लागत नाहीत. कॅरिओटाइपला लागतात, कारण गुणसूत्रे मोजता येतात ती पेशी विभागत असतानाच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवी विभागत नाहीत. त्यांना विभागायला लावणारे फायटोहीमॅग्लुटिनिन राजम्यातून काढतात (कोरेगावचा वाघ्या घेवडा त्याच जातीतला). ते घातलेल्या पोषकद्रवात रक्त ३७ अंशांवर ७२ तास ठेवायचे, शेवटी कोल्सेमिडने विभाजन थोपवायचे, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडच्या ३:१ मिश्रणात पक्क्या करायच्या आणि काचेवर थेंब सोडायचा. ट्रिप्सिन आणि गिम्सा रंगाने पट्टे उठले की साधारण २० पेशी तपासतात.

हे सगळे पहिल्या नळीवर अवलंबून असते. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या) सवयीने रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत जाते. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते, पेशी नीट विभागत नाहीत आणि आठवडाभराने ‘कल्चर फेल’, म्हणजे पेशी वाढल्याच नाहीत, असा निरोप येतो. नळी हिरव्या टोपणाचीच हवी, पण टोपण बघून थांबू नये: लिथियम हेपरिनचे टोपणही हिरवेच असते. लेबलवर सोडियम हेपरिन लिहिलेले पाहावे. मोठ्यांचे ३ ते ५ मिली, नवजात बाळाचे १ ते २ मिली रक्त पुरते. नळी लगेच आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी. गुठळी झाली की पेशी तिच्यातच अडकतात. नमुना गोठू द्यायचा नाही, बर्फाला टेकवायचा नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीतही ठेवायचा नाही. २४ ते ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोहोचावा. शनिवारी काढलेले रक्त रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहते, तेव्हा सोमवार ते बुधवार हेच दिवस बरे. बाळाला रक्त चढवले असेल तर फॉर्मवर तशी नोंद हवीच.

गर्भपातानंतरच्या नमुन्याची तर याहून दैना. तो बायोप्सीसारखा फॉर्मालिनमध्ये टाकला की पेशी मेल्या, कल्चर संपले. निर्जंतुक सलाइनमध्ये द्यावा. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो, म्हणून हा नमुना मोलाचा. मात्र त्यात आईची ऊती मिसळली तर अहवाल ‘४६,एक्सएक्स’ (स्त्रीची नेहमीची गुणसूत्रे) येतो आणि तो गर्भाचा की आईचा हे कळत नाही.

डाउन सिंड्रोमची सुमारे ९५ टक्के बाळे सुट्या तिसऱ्या २१व्या गुणसूत्राची असतात. तीन-चार टक्क्यांत ते जादा गुणसूत्र दुसऱ्याला, बहुधा १४व्याला, चिकटलेले असते. तिथे एकूण आकडा नेहमीसारखा ४६च भरतो आणि अहवाल वरवर वाचणारा ‘नॉर्मल’ म्हणून मोकळा होतो. दोन दिवसांत येणारी फिश तपासणी (चमकत्या खुणा लावून ठरावीक गुणसूत्र मोजणारी) तीन २१ दाखवते, पण ती सुटी आहेत की चिकटलेली हे सांगत नाही. चिकटलेले निघाले तर दोन्ही पालकांची तपासणी करावीच लागते. आई १४-२१ची वाहक (स्वतः निरोगी, पण जोडलेले गुणसूत्र असलेली) असेल तर पुढच्या खेपेला धोका १० ते १५ टक्के, वडील वाहक असतील तर १ टक्क्याच्या आसपास. पालकातच २१-२१ असे जोडलेले असेल तर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम. सुट्या गुणसूत्राच्या प्रकारात पालकांच्या कॅरिओटाइपवर सहसा खर्च करायचे कारण नाही.

आपल्याकडे अशा वेळी मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाला बोल लावतात. नात्यातल्या लग्नाने थॅलेसेमियासारख्या दोन्हीकडून येणाऱ्या आजारांचा धोका वाढतो, हे खरे. पण डाउन सिंड्रोमचे सुटे जादा गुणसूत्र येते ते बहुतेकदा बीजांड तयार होताना झालेल्या चुकीच्या वाटणीतून, आणि तिची शक्यता वाढते आईच्या वयाबरोबर.

फाइलमध्ये ‘डाउन सिंड्रोम पॉझिटिव्ह’ एवढा शेरा ठेवून भागत नाही, गुणसूत्रांच्या पूर्ण सूत्रासह मूळ अहवाल मागून घ्यावा. पुढच्या गरोदरपणात गर्भजलाची तपासणी साधारण १६व्या आठवड्यात होते आणि तिच्या कल्चरला आणखी दोन-तीन आठवडे जातात. पालकांच्या तपासण्या तोवर लांबवल्या तर निर्णयाला हाती दिवसच उरत नाहीत.

– सायटोजेनेटिक्स तंत्रज्ञ, सांगली